मानेचं फ्रॅक्चर : या चुका टाळा, कळकळीनं सांगतोय

कॅज्युअल्टीत नवीन लागलेल्या पोरांना माझं पहिलं सांगणं असतं की मानेचा साइडचा एक्स-रे हातात आला की आधी मणके मोजा. सातच्या सात दिसले पाहिजेत, आणि त्याखाली छातीच्या पहिल्या मणक्याची वरची कड पण. नाही दिसली तर तो एक्स-रे नॉर्मल नाही, अपुरा आहे.

मोहोळकडून येताना हायवेला बाइक घसरलेला एक पैलवान गडी आमच्याकडे आला. दुसरीकडे 'नॉर्मल' सांगून मऊ पट्टा आणि पेनकिलर देऊन घरी पाठवलेला. मधल्या बोटाला मुंग्या, कोपर सरळ करायला जोर नाही. फिल्म उजेडाला धरली तर सहावाच जेमतेम दिसतोय, सातवा खांद्याच्या सावलीत गडप! सिटी स्कॅन सांगितला तर त्याचा भाऊ म्हणतो, "हातपाय हलवायलाय की, मग सिटी कशाला?" अहो, हातपाय हलतायत म्हणजे मज्जारज्जू अजून वाचलाय, हाड शाबूत आहे असं नाही, आणि तो वाचलेला असतानाच धावपळ करायची असते. सिटीत सहावा सातव्यावर पुढे सरकून एका बाजूचा सांधा अडकलेला निघाला. ऑपरेशन झालं, पण मुंग्या पुढं बरेच दिवस राहिल्या. खांदे खाली ओढून दुसरी फिल्म काढायचा किंवा सरळ सिटी करायचा कंटाळा, एवढंच कारण. घाई असेल त्यानं कॅज्युअल्टीत येऊच नये असं माझं मत आहे.

मान वळवून बघायची घाई पण नको. पेशंट पूर्ण शुद्धीत पाहिजे, आणि वय ६५ किंवा जास्त, हातापायाला मुंग्या, तीन फुटांवरून पडणं, डोक्यावर आपटणं यातलं एक जरी असलं तरी आधी सिटी.

उन्हाळ्यात विहिरीत सूर मारलेली पोरं येतात, पाणी खाली गेलेलं असतं आणि दोस्त हातापायाला धरून झोळीसारखं वर काढतात. श्वास चालू असेल तर पाण्यातच तोंड वर, डोकं-मान-पाठ एका रेषेत धरून ठेवा, फळी मागवा, १०८ लावा. श्वास बंद असेल तर मात्र वाट बघू नका, बाहेर काढून श्वास द्या.

बीपी कमी आणि नाडीही संथ असेल तर मज्जारज्जूला मार लागल्याचा विचार करा, पण पोटातला रक्तस्राव शोधायचं सोडू नका.

एक फ्रॅक्चर सापडलं म्हणून थांबू नका, अख्खा कणा बघा.

पडल्यावर मालिशवाल्याकडे मान मोडून घेणं, कृपा करून नको.

आणि ज्यांचा कणा आधीच आखडून वाकलाय, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवाले, ते बाथरूममध्ये नुसते घसरले तरी सिटी करा, आणि पट्टा बसावा म्हणून त्यांची मान जबरदस्तीनं सरळ करू नका, जशी आहे तशीच उशा लावून आधार द्या.