तात्पुरती कॅप हलत नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका

कायमची कॅप तयार होईपर्यंत दातावर तात्पुरती कॅप बसली की बहुतेक जण जिभेने ती हलवून बघतात. हलत नाही? मग झालं! पहिली चूक इथेच होते. कॅप घट्ट असणं वेगळं आणि तिच्या कडेतून लाळ आत न शिरणं वेगळं. आधी गळती सुरू होते, कॅप हलायला लागते ती पुष्कळदा नंतर.

ही कॅप पुढे काढायची असते, म्हणून ती चिकटवायचं सिमेंट मुद्दाम कच्चं ठेवतात. लवंगेच्या तेलासारखा वास येणारं झिंक ऑक्साइड-युजेनॉल सिमेंट लाळेत हळूहळू झिजतं. त्यात अ‍ॅक्रिलिकची म्हणजे एका प्लास्टिकची कॅप घट्ट होताना थोडी आकसते आणि कडेला बारीक फट राहू शकते. शिवाय गरम-थंड लागलं की अ‍ॅक्रिलिक दातापेक्षा कितीतरी पटींनी जास्त फुगतं-आकसतं. प्रयोगशाळेत गळती तपासताना कॅप बसवलेले दात 5 आणि 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आळीपाळीने बुडवतात, मग रंगात ठेवून उभे कापतात आणि रंग किती आत गेला ते मोजतात. गरम पेयावर लगेच बर्फाचं पाणी पिणारे हाच प्रयोग स्वतःच्या तोंडात करत असतात.

दात जिवंत असेल तर गळती निदान कळते: थंड लागताच कळ येते. रूट कॅनाल झालेला दात मात्र मुका असतो. ‘दुखत नाही, मग घाई कशाला?’ म्हणत कायमची कॅप लांबवणं ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक. तात्पुरती कॅप काही आठवड्यांपुरतीच असते. कडेतून शिरलेले जंतू मुळापर्यंत पोचले तर रूट कॅनाल पुन्हा करावं लागू शकतं. अशा दाताशी खारट किंवा घाण चव, वास, तिथेच अन्न अडकणं, हिरडीतून रक्त येणं, यांतलं काहीही जाणवलं तर दाखवून घ्या.

फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) वर ओढून काढू नका, बाजूने सरकवून काढा. चिकट पदार्थ त्या बाजूने चावू नका.

कॅप निघालीच तर घरातला गोंद किंवा सुपरग्लू लावू नका. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. दात उघडा राहिला तर शेजारचे दात सरकतात आणि तयार होऊन आलेली कायमची कॅप बसत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडून तात्पुरती कॅप पुन्हा चिकटवून घेणार असाल, तर कायमची कॅप रेझिन (प्लास्टिकसारख्या) सिमेंटने बसवायची आहे का, हे आधीच्या डॉक्टरांना विचारून या दुसऱ्या डॉक्टरांना सांगा. तसं असेल तर ते युजेनॉल नसलेलं सिमेंट वापरतील. युजेनॉलचा अंश दातावर राहिला तर रेझिन नीट घट्ट होत नाही.