बोरीबंदर ते भायखळा पायी बघताना या चुका टाळा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातील रेल्वेचा वारसा पायी पाहायला येणारे बहुतेक जण पहिली चूक घुमटाखालीच करतात. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे निघालेली पहिली गाडी याच इमारतीतून सुटली, असे ते एकमेकांना ठासून सांगतात आणि लगेच छायाचित्र काढून मोकळे होतात. ती गाडी याच परिसरातल्या जुन्या बोरीबंदर स्थानकातून सुटली हे खरे. परंतु फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. आधी सन, मग वास्तू, ही माझी सवय आहे आणि सोबत येणाऱ्यांनाही मी तीच लावतो. सन पक्का असला की दर्शनी भागावर कोरलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या तेव्हाच्या रेल्वे कंपनीच्या धुरिणांच्या मुखवट्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय का आहेत, हे विचारावेसे वाटते. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे. त्यांतला सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. हे दोघे बघायला दोन मिनिटे पुरतात, पण तेवढाही धीर नसलेले लोक मला दर खेपेस भेटतात.

तिकीटघराचे छत जरूर पाहावे, मात्र रांगेत उभे राहून नव्हे.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. सँडहर्स्ट रोड स्थानकात लोकलचा मुख्य मार्ग खाली आणि हार्बर मार्ग, म्हणजे बंदराच्या बाजूने जाणारा लोकलमार्ग, वर आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवरची गाडी कुर्ल्याकडे गेली ती याच वरच्या मार्गाने. आमच्या एका फेरीत एका उत्साही तरुणाला वरची आणि खालची गाडी एकाच चौकटीत हवी होती, म्हणून ‘एकच मिनिट’ म्हणत तो फलाटावरून थेट रुळांत उतरला. मोटरमनने भोंगा वाजवत गाडी आणली, आम्ही चौघांनी त्याला दंडाला धरून वर ओढले आणि पुढची सगळी सकाळ पोलीस चौकीत गेली. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार अशा घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खालच्या फलाटाच्या कडेपासून हातभर मागे उभे राहून मान वर केली तरी हार्बरचा मार्ग डोक्यावर दिसतो. त्यासाठी रुळांत उतरण्याची काहीएक गरज नसते.

फलाट तिकीट न काढता आत शिरू नये, आणि त्याची मुदत दोनच तासांची असते हेही ध्यानात ठेवावे.

कार्यालयांच्या वेळेत तर येऊच नये. रविवारची सकाळ बरी.

यादी उरकण्याच्या घाईत भायखळा हमखास गाळले जाते, याचा मला विशेष राग आहे. तिथली स्थानकाची इमारत १८५७ ची, म्हणजे टर्मिनसच्या इमारतीहूनही जुनी, आणि जीर्णोद्धारानंतर २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा-संवर्धन पुरस्कारही मिळाला आहे. वेळ कमीच असेल तर मधली स्थानके खुशाल गाळावीत, लोकल पकडून थेट भायखळ्याला उतरावे आणि इमारत आतून-बाहेरून निवांत पाहावी.