जॉनी डॉड्सचे क्लॅरिनेट ऐकताना या चुका टाळा

१९२५ ते १९२७ या काळात शिकागोत निघालेल्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या जॅझ बँडच्या तबकड्या बहुतेक जण लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटसाठी (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यासाठी) ऐकतात, त्यांतला क्लॅरिनेटवादक जॉनी डॉड्स मागेच राहतो, आणि पहिली चूक तिथेच होते. न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीत कॉर्नेट मूळ चाल धरते, ट्रॉम्बोन खालून आधार देतो आणि क्लॅरिनेट या दोहोंच्या अवतीभवती सतत स्वतःची वेगळी ओळ वाजवत राहते. तेव्हा दुसऱ्यांदा ऐकताना कॉर्नेटकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. ७ मे १९२७ रोजी मुद्रित झालेल्या ‘वाइल्ड मॅन ब्लूज’मध्ये तर तीही गरज नाही, कारण तिथे आर्मस्ट्राँगचे दीर्घ वादन संपताच डॉड्सला तितकीच मोकळी जागा मिळते आणि तो खालच्या सप्तकातल्या जाड, किंचित खरखरीत स्वरातून वर चढत जातो.

दुसरी चूक मीही केली आहे: तो बेसूर वाजवतो असे ठरवून टाकणे. हार्मोनियमच्या पक्क्या पट्ट्यांवर घडलेल्या कानाला असे वाटणे साहजिकच आहे. पण ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारात गंधार आणि निषाद हे कोमल व शुद्ध यांच्या मधल्या जागी रेंगाळतात, आणि डॉड्स त्या जागा ओठांच्या दाबाने, जवळजवळ मींड घेतल्यासारख्या, हळूहळू गाठतो. त्याचा रुंद कंपही हेतुपूर्वक आहे. त्याला बेनी गुडमन या पुढच्या काळातल्या क्लॅरिनेटवादकाच्या गुळगुळीत सफाईने मोजणे म्हणजे सनईकडून बासरीची अपेक्षा करणे होय.

मात्र प्रत्येक वेळी दोष आपल्या कानाचाच असतो असेही नाही. त्या काळी तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी कापल्या जात नसत, त्यामुळे पुनर्मुद्रणात मिनिटाला साडेचार फेऱ्यांची चूक झाली तरी सगळे वादन सुमारे अर्ध्या स्वराने सरकते आणि क्लॅरिनेटचा आवाज उगाच चिरका किंवा सुस्त होतो. शंका आली तर बाजाच्या पेटीवर मूळ स्वर शोधावा. तो दोन पट्ट्यांच्या फटीत पडत असेल, तर दुसरी प्रत मिळवावी. खरखर काढण्याच्या अट्टाहासात क्लॅरिनेटची धारही घासून टाकणाऱ्या प्रतींपासून तर लांबच राहावे. त्यापेक्षा खरखर परवडली.

कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबरच्या १९२३ च्या तबकड्यांवरून डॉड्सच्या स्वराचा पोत जोखू नये. त्या मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यासमोर वाजवून मुद्रित केल्या आहेत. त्याचा भाऊ बेबी डॉड्स याचे ड्रमही त्यांत धड ऐकू येत नाहीत. तिथे फक्त त्याची ओळ कशी धावते ते पाहावे.

स्वरासाठी जुलै १९२६ ची ‘पर्डिडो स्ट्रीट ब्लूज’ घ्यावी. हॉट फाइव्हमधले किड ओरी, लिल आर्मस्ट्राँग असे ओळखीचे वादक त्यात असल्यामुळे कॉर्नेटही लुईचेच असावे, असा समज अनेकांचा होतो. प्रत्यक्षात ते जॉर्ज मिचेलचे आहे. लुई नसलेल्या या तबकडीत डॉड्स सुरुवातीपासूनच पुढे आहे आणि त्याच्या प्रत्येक फुंकेतला श्वाससुद्धा मोजता येतो.