बंदुकांच्या देशात पोरांना नेमकं काय शिकवायचं

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की टीव्हीवर तेच दळण, एक म्हणतो कायदे कडक करा, दुसरा म्हणतो संस्कारच बिघडलेत. माझ्या मते हे दोन वेगळे नाहीतच, जपानमध्ये शिकारीची बंदूक घ्यायची तर क्लास, लेखी परीक्षा, नेमबाजीची टेस्ट, मानसिक तपासणी एवढं सगळं लागतं, म्हणजे तिथे कायदाच शिकवतो. असो, पालकांच्या हातात घर आहे, तिथूनच सुरू करा.

घरात बंदूक असेल तर गोळ्या काढून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि कोड पोरांना माहीत नको. कपाटात वर लपवलीये हे चालत नाही, पोरांना सगळं सापडतं. शाळांमधल्या हल्ल्यांचा सीक्रेट सर्व्हिसने (अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) अभ्यास केला त्यात बहुतेक हल्लेखोर पोरांनी बंदूक स्वतःच्या नाहीतर नातेवाइकांच्या घरातूनच उचललेली निघाली.

मित्राकडे खेळायला पाठवताना ॲलर्जीचं सांगतो ना, त्याच फोनमध्ये विचारायचं, "आमचा जरा उचापती आहे, तुमच्याकडे बंदूक असेल तर लॉक असते ना?" अवघड वाटतं, पण समोरचा सहसा चिडत नाही.

लहानांना चारच गोष्टी: थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग. पण नुसतं पाठ करून घेऊ नका, प्रयोगांत दिसलंय की हे घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा समोर बंदूक दिसली की उचलतात. म्हणून खेळण्यातली बंदूक सोफ्यावर ठेवा, ही खरी आहे असं समज म्हणा, आणि त्याला खरोखर उठून बाहेर येऊन तुम्हाला सांगायला लावा, मग काही दिवसांनी परत.

टीनएजर्सचं वेगळंय. बऱ्याच हल्ल्यांत कुणातरी मित्राला आधी कुणकुण लागलेली होती, पण चहाडखोर म्हणतील म्हणून पोरं गप्प बसतात. मित्र असं काही बोलला तर कुणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव आत्ताच ठरवून ठेवा, आणि सांगितल्याबद्दल घरी ओरडा बसणार नाही हेही स्पष्ट बोला.

आणि ज्यावर कुणी बोलत नाही ते म्हणजे अमेरिकेतले बंदुकीने होणारे निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे असतात. पोरगं गप्प गप्प, उदास वाटलं तर बंदूक काही काळ घराबाहेरच हलवा, आणि ९८८ हा अमेरिकेतला आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा हेल्पलाइन नंबर त्याच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.