रोलरमधली फट दोन्ही टोकांना सारखी ठेवा

रोलर गिरणीत, म्हणजे दोन फिरत्या रोलरांमधून धान्य दळणाऱ्या मशीनमध्ये, दळण एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाडसर पडत असेल तर लगेच दाब वाढवू नका. बहुतेक वेळा दोष दाबाचा नसतो, रोलर समांतर नसतात. मशीन बंद करून वीज तोडा आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचे फट मोजायचे साधन) घेऊन दोन्ही टोकांची फट मोजा. फरक दिसला तर आधी तो काढा, मगच दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवत फट कमी-जास्त करा. एका वेळी अगदी थोडे.

थंड मशीनवर केलेली जुळणी शेवटची मानू नका. चालून रोलर तापले की प्रसरण पावतात आणि फट आणखी कमी होते. म्हणून थोडा वेळ दळून झाल्यावर डाव्या, मधल्या आणि उजव्या भागातून पडणारा माल बोटांनी चोळून पाहा. पीठ हाताला गरम लागत असेल तर दाब जास्त आहे. अशाने स्टार्चचे कण फुटतात, रोलरही लवकर झिजतात. बारीक दळण हवे असेल तर एकाच फेरीत सगळा जोर लावण्यापेक्षा दोन फेऱ्या केव्हाही बऱ्या.

आणि धान्य नसताना रोलर एकमेकांना टेकवून कधीच चालवू नका.