मशीनवाल्याला बोलवण्याआधी सुई बदला

"दोरा सारखा तुटतोय गं, मशीनवाल्याला बोलवू का?" असा फोन मला महिन्यातनं दोनदा तरी येतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला: सुई कधी बदललीस? मग पलीकडे शांतता. बहुतेकजणी सुई मोडेपर्यंत बदलतच नाहीत. मोडली नाही म्हणजे चांगली आहे, असं धरून चालतात.

मीही तशीच होते. इचलकरंजीत घरी ब्लाउज शिवायला लागून बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली चार-पाच वर्षं माझ्या मशीनला बारा महिने एकच १६ नंबरची सुई. मग एका नवरीचा पैठणीचा ब्लाउज आला. आदल्या रात्री दिराची जीन्स आखूड केली होती, त्यासाठी लावलेली १८ नंबरची जाड सुई तशीच राहिली. सकाळी खांदा जोडला, अर्धा इंच चुकला म्हणून उसवला, आणि पाहते तर रेशमावर भोकांची रांग! सुती कापडावरचं भोक पाण्याचा हात फिरवला की बऱ्यापैकी मिटतं, रेशमावरचं मिटत नाही. शेवटी खांद्यावर मोत्यांची पट्टी लावून वेळ मारून नेली. नवरीला ती आवडली, हे माझं नशीब.

तेव्हापासून कापड हातात आलं की आधी सुईचा डबा उघडते.

पाकिटावर ९०/१४ असं छापलेलं असतं. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर, आणि १४ हा त्याच जाडीचा दुसरा नंबर, जो आपण दुकानात मागतो. तसंच ६५/९, ७५/११, १००/१६, ११०/१८. नंबर वाढला की सुई जाड. शिफॉन, जॉर्जेट, मलमल यांना ९ किंवा ११. टू बाय टू रुबिया एकेरी असेल तर ११, अस्तर लावलं की १४. खणाला अस्तरासकट १४. पैठणीला ११, आणि तीसुद्धा कोरी. जरीच्या कापडाला वापरलेली सुई लावूच नका. टोकाला बारीकशी खरड असली तरी जरीची तार ओढली जाते आणि काठावर रेघ उठते. पँटच्या कापडाला १४ ते १६, जीन्सला १६ किंवा १८. जुन्या साड्यांची गोधडी मशीनवर घालायची असेल तर १८, आणि थर फार झाले तर हट्ट सोडून हातानेच धावदोरा घाला.

टी-शर्ट, लेगिंग, लायक्राचं गणित वेगळं आहे. तिथे नंबराइतकंच टोक महत्त्वाचं. विणलेल्या होजियरीत धाग्यांचे फासे असतात. अणकुचीदार सुई फासा तोडते आणि दोन धुण्यांत तिथे भोक पडतं. म्हणून गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई मागायची. ती धाग्यांना बाजूला सारून आत जाते. हीच सुई पैठणीला लावली तर शिलाई नागमोडी दिसते, म्हणजे एक सुई सगळीकडे हा विचार डोक्यातनं काढाच. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं कापतं, ती कापडाला कधीच लावायची नाही.

दोराही सुईच्या मापाचा हवा. सुईच्या अंगावर एक लांब खाच असते, दोरा तिच्यात बसून खाली जातो. बारीक सुईत जाड दोरा ओवला तर तो खाचेत मावत नाही, घासून पिंजतो आणि तुटतो. पारख सोपी आहे. सुट्या सुईत वीतभर दोरा ओवा, दोन्ही टोकं ताणून तिरकी धरा. सुई आपोआप घसरत खाली आली तर जोडी जमली. अडली तर एक नंबर वर जा.

आता बदलायची कशी. मोटर असेल तर आधी बटण बंद, पायाचं मशीन असेल तर पाय बाजूला. चाक हाताने फिरवून सुई पूर्ण वर आणा. खालच्या भोकावर कागदाचा तुकडा ठेवा, नाहीतर सुई आत पडते आणि मग अर्धा तास शोधाशोध. जुनी सुई काढण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो काढा. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो आणि ती बाजू कुठे हवी ते मशीनवर अवलंबून आहे. समोरून बॉबिन घालायच्या झिगझॅग मशीनला चपटी बाजू मागे, दोरा पुढून. आपलं मशीन वेगळं असेल तर फोटो बघून तशीच लावा. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा.

नवी सुई वर अडेपर्यंत सारा आणि मग स्क्रू आवळा. इथेच बहुतेकींचं चुकतं. सुई जराशी खाली राहिली तरी शटलच्या, म्हणजे खाली बॉबिन बसते त्या भागाच्या, टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही आणि मशीन टाके सोडतं. आवळून झाल्यावर चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कुठे टेकत नसेल तरच पाय चालवा. पहिली शिलाई चिंधीवर, किंवा माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडली आहे तिथे.

दुकानात जाताना जुनी सुई न्या. कारखान्यातल्या मोटरच्या मोठ्या मशीनची सुई गोल दांड्याची असते, तिच्यावरही १४, १६ हेच नंबर असतात, आणि ती आपल्याला लागत नाही.

बदलायची कधी? साधारण आठ तास शिवून झाल्यावर, असा हिशोब धरतात. मी तास मोजत नाही, कानाने ओळखते. बोथट सुई कापडात शिरताना टकटक वाजते. शंका आली तर टोक नखावरून हलकेच ओढते. ओरखडा उठला की सुई बाद. वाकली आहे का ते बघायला चपटी बाजू काचेवर टेकवून खालची फट बघते, ती टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

माझी मावसबहीण कपड्यांच्या कारखान्यात आहे. तिथे सुई तुटली की सगळे तुकडे जुळवून दाखवल्याशिवाय नवी मिळत नाही. घरी एवढं कोण करतं? पण मी टोक सापडल्याशिवाय कापड उचलत नाही. लहान मुलाचं झबलं असेल तर लोहचुंबक फिरवते. बाद सुया गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत टाकते, टोपण घट्ट लावून.