जर्मनीत मास्टर्सला जायचंय? आधी एपीएस

पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्स सुरू करायचं असेल, तर आधीच्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिलं काम एपीएसचं, म्हणजे भारतातली कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचं. विद्यापीठं शोधणं, एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं पत्र), आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), सगळं त्याच्या मागून. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट सक्तीचं आहे. मार्कशीट आणि पदवी खरी आहे का, ते तपासून हे सर्टिफिकेट मिळतं. फी १८,००० रुपये. बहुतेक जण ते व्हिसाच्या कागदांत धरतात आणि तिथेच वर्ष जातं. अनेक विद्यापीठं आणि युनि-असिस्ट (बऱ्याच विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासणारी संस्था) ते अर्जासोबतच मागतात. एपीएस नसेल तर अर्ज अपुरा, आणि अपुरा अर्ज कुणी वाचत नाही. पडताळणीला आठवडे लागतात, ऐन हंगामात आणखी जास्त.

त्यासाठी दहावी, बारावी आणि प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट काढून ठेवा. केटी लागली असेल तर त्या प्रयत्नांच्याही. त्या लपवायच्या नाहीत. हरवलेल्या मार्कशीटची डुप्लिकेट विद्यापीठातून मिळायला किती हेलपाटे पडतात ते वेगळं सांगायला नको, म्हणून फाईल आजच उघडून बघा.

त्याच वेळी नाव तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. क्रम बदलला तर सहसा निभावतं, स्पेलिंग बदललं तर नाही. आयईएलटीएसची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो एपीएसचा अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्या, नंतर नाही.

ट्रान्सक्रिप्ट घेताना ग्रेडिंगची पद्धत, म्हणजे कमाल किती आणि उत्तीर्ण व्हायला किमान किती, हे त्यावर छापलेलं हवं. जर्मन ग्रेडचं गणित असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान यांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि किमान ४ असेल तर ग्रेड २.०, तेच किमान ५ धरलं तर २.२. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला. बऱ्याच कोर्सना २.५ ची अट असते, त्यामुळे काठावरच्या माणसाला एवढा फरकही बाहेर काढू शकतो. विषयवार सिलॅबसही विद्यापीठाच्या शिक्क्यासह घ्या, कारण गणिताचे किंवा प्रोग्रामिंगचे अमुक क्रेडिट हवेत अशी अट असते आणि ते नुसत्या विषयाच्या नावावरून सिद्ध होत नाहीत.

विद्यापीठ निवडण्याआधी आनाबिनवर, म्हणजे परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांच्या जर्मन यादीत, आपल्या इथल्या विद्यापीठाचा दर्जा एच प्लस (मान्यताप्राप्त) आहे का ते बघा. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि टीयू म्युनिकही आता फी घेतं. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ म्हणणाऱ्या एजंटला हे विचारा. तो खासगी कॉलेजच पुढे करत असेल तर उठून या.

अर्जाची मुदत १५ जुलै असं सगळे सांगतात. भारतीयांसाठी ती कित्येक ठिकाणी ३१ मे किंवा त्याहीआधी असते, प्रत्येक कोर्सच्या पानावर जाऊन बघा. युनि-असिस्टला पहिल्या अर्जाचे ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाचे ३०. आणि परत सांगतो, अर्ज भरायला बसाल तेव्हा एपीएसची पीडीएफ हातात हवी. ‘अर्ज केलाय, येईलच’ या भरवशावर राहू नका.

प्रवेश मिळाला की ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ सुटतात. रक्कम बदलत असते, भरण्याआधी बघून घ्या. बँकेतून पाठवताना खात्याचा संदर्भ क्रमांक लिहायला लावा, नाहीतर पैसे कुणाचे हेच त्यांना कळत नाही आणि ते अडकतात. मधल्या बँका शुल्क कापतात, म्हणून थोडे जास्त पाठवा. दहा युरो कमी पडले तरी खातं पूर्ण धरलं जात नाही. कर्ज काढणार असाल तर मंजुरी आधीच घेऊन ठेवा.

व्हिसाची फी ७५ युरो. कागद: प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंट, आरोग्य विमा आणि एपीएस. हो, परत तेच. नकार आला तर फेरविचाराचा जुना मार्ग जुलै २०२५ पासून बंद झालाय, तेव्हा अपुरी फाईल देऊ नका.

खोलीसाठी श्टुडेंटनवेर्ककडे (विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था) प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच अर्ज. चावीआधी डिपॉझिट मागणाऱ्याला पैसे देऊ नका. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. शिकताना कामाची परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. गरम कपडे तिथेच घ्या.